सल्लागाराचे अंतर

पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता चांदणी चौक ओलांडतो, बावधन मागे टाकतो आणि भूगावात शिरतो. भूगाव म्हणजे मुळशी तालुक्याचे दार. पुढे भुकूम, पिरंगुट, पौड आणि शेवटी मुळशीचे धरण. गेल्या तीन-चार दशकांत या रस्त्याच्या कडेची भातखाचरे गेली. त्यांच्या जागी पत्र्याच्या शेड, गोदामे, छोटे कारखाने आणि सोसायट्या आल्या. याच रस्त्यावर वाढलेली एक कंपनी म्हणजे प्राज इंडस्ट्रीज. आयआयटी मुंबईतून यंत्र अभियांत्रिकी शिकलेल्या प्रमोद चौधरी यांनी ती १९८३ मध्ये सुरू केली, तेव्हा ती साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढण्याचे प्रकल्प उभारून देणारी एक छोटी कंपनी होती. तिची कचेरी बरीच वर्षे बावधनला होती. संशोधन केंद्र, म्हणजे प्राज मॅट्रिक्स, पिरंगुटजवळ उरवड्याला उभे राहिले. निर्णय घेणारी माणसे भूगावच्या एका अंगाला आणि यीस्ट वाढवणारी माणसे दुसऱ्या अंगाला. मधले अंतर इतकेच की सकाळी बिघडलेली गोष्ट पाहायला निघालेला माणूस दुपारपर्यंत परत येऊन निर्णय घेऊ शकतो.

या अंतराकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे, कारण तंत्रज्ञानाच्या छोट्या कंपन्यांचा इतिहास लिहिताना आपण नेमकी हीच गोष्ट विसरतो. एक तर आपण संस्थापकाचे चरित्र लिहितो: गरिबी, जिद्द, पहिली ऑर्डर, कारखाना. नाहीतर कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे नावे मोजतो: संचालक मंडळावर कोण, वैज्ञानिक सल्लागार मंडळावर कोण, कोणाला कोणता पुरस्कार. या दोन्हींच्या मधली खरी गोष्ट, म्हणजे कंपनी चालवणारा आणि शास्त्र जाणणारा यांचे नाते, सांगायची राहून जाते. माझे म्हणणे असे की सल्लागाराची किंमत त्याच्या नावावर ठरत नाही, तो परिणामापासून किती लांब बसतो यावर ठरते. भट्टी फुटली, बॅच बिघडली, गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, हे त्याला त्याच दिवशी कळते की तीन महिन्यांनी मंडळाच्या बैठकीत कळते? पुणे जिल्ह्यात आणि आसपास गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे घडले त्यावरून हे बऱ्यापैकी ताडून पाहता येते.

सुरुवात मुळशीच्या शेजारच्या मावळातून करावी लागेल. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून स्वदेशी उद्योगासाठी भांडवल उभे करण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. भांडवल लोकांचे, भावना देशभर पेटलेली. पण काच भावनेने वितळत नाही. त्याआधी देशात काचेचे अनेक कारखाने निघून बुडाले होते. बाहेरून कारागीर आणायचे, ते आपली विद्या कोणाला दाखवत नसत, एक दिवस निघून जात, आणि भट्टी थंड पडे. तळेगावने दुसरा मार्ग धरला. ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तरेकडचे तरुण जपानमध्ये आणि मग अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काचेचे शास्त्र शिकून आले होते. त्यांना पत्राने सल्ला विचारायला कोणी ठेवले नव्हते. कारखाना त्यांच्या हाती दिला होता आणि शिकवण्याचे कामही त्यांच्याचकडे होते.

हे का महत्त्वाचे, हे समजायला काचेचे काम थोडे जवळून पाहायला हवे. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण अग्निमातीच्या मोठ्या मुशीत घालून चौदाशे अंशांच्या आसपास तापवतात. ही मूस बनवून महिनोन्महिने सावकाश वाळवावी लागते; घाईने भट्टीत ठेवली तर तडकते आणि आतला सगळा रस आगीत ओघळून जातो. रस तयार झाला की फुंकणारा लांब नळीच्या टोकावर त्याचा गोळा घेतो, नळी हातात फिरवत फिरवत फुंकतो, साच्यात घालतो. इथे काम संपत नाही. कंदिलाची काच फुंकून तशीच उघड्यावर ठेवली तर बाहेरून ती लवकर निवते, आतून उशिरा, आणि ताण काचेतच अडकून राहतो. डोळ्याला काही दिसत नाही. बाजारात जाते, गिऱ्हाईक घरी नेते, संध्याकाळी वात पेटवते आणि काच चट्‌कन तडकते. म्हणून ती वेगळ्या भट्टीत हळूहळू थंड करावी लागते. आता समजा, शास्त्रज्ञ मुंबईत बसला आहे आणि तळेगावहून त्याला कळवले जाते, ‘काच तडकते आहे.’ कारण मिश्रणात सोडा जास्त पडल्याचे असेल, भिंत एका बाजूला जाड फुंकली गेल्याचे असेल, थंड करणाऱ्या भट्टीतून रात्रपाळीच्या माणसाने माल लवकर काढल्याचे असेल. तिन्ही कारणांचे उत्तर पुस्तकात आहे. पण तिघांपैकी नेमके कोणते, हे पुस्तक सांगत नाही. भट्टीपाशी उभा असलेला माणूसच सांगू शकतो.

ईश्वरदास तळेगावात कायमचे राहिले नाहीत. पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोई येथे स्वतःचा कारखाना उभारला. परदेशी कारागीर निघून गेला की कारखाना बसत असे. ईश्वरदास गेल्यावर तळेगाव बसले नाही. तिथे फुंकायला, मूस घडवायला, मिश्रण जोखायला शिकलेली माणसे तयार झाली होती, आणि देशातल्या इतर काच कारखान्यांतही ती दिसू लागली. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, तिथून पुढे ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. सल्लागार गेल्यानंतर मागे काय उरते, हीच माझ्या मते त्याच्या कामाची पहिली कसोटी.

यावर कोणी म्हणेल, तळेगावचे यश सल्लागाराचे नव्हे, काळाचे. स्वदेशीची लाट होती आणि महायुद्धाने ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद केला. आक्षेप वजनदार आहे. पण महायुद्ध पेटले १९१४ मध्ये, म्हणजे कारखाना निघाल्यावर सहा वर्षांनी. त्या सहा वर्षांत परदेशी मालाशी झुंज द्यावीच लागली. स्वदेशीची लाट तर सगळ्यांनाच मिळाली होती. त्याच लाटेवर निघालेले काड्यापेटीचे, साबणाचे, पेन्सिलीचे कितीतरी कारखाने काही वर्षांत बंद पडले. आयात थांबल्याचा फायदा त्यालाच झाला ज्याच्याकडे आधीपासून शिकलेले हात होते. संधी सर्वांच्या दाराशी आली तरी भट्टी ज्याची पेटलेली होती त्यालाच ती घेता आली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो मराठी मनाला फार प्रिय आहे. किर्लोस्करवाडीत कुठे होता शास्त्रज्ञ? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत होते. पुढे बेळगावला सायकलचे दुकान, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना. बरोबरची माणसेही अशीच. शंभूराव जांभेकर शिक्षण अर्धवट सोडून आलेले, पण कारखान्याचे अभियंते झाले. अनंतराव फळणीकरही अभ्यास सोडून आलेले, पण कल्पक इंजिनिअर ठरले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. एकही पदवीधर शास्त्रज्ञ नसताना हा उद्योग उभा राहिला. मग सल्लागाराची थोरवी कशाला?

उत्तर असे की नांगर हे डोळ्यांनी आणि हातांनी वाचता येणारे यंत्र आहे. फाळ झिजला तर झिजलेला दिसतो, दांडा वाकला तर वाकलेला दिसतो, शेतकऱ्याची तक्रार थेट ओतकामाच्या शेडपर्यंत पोचते. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते असा समज त्या काळी होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांना जे शिकायला मिळाले ते शेताच्या बांधावर मिळाले. म्हणजे किर्लोस्करवाडीत सल्लागार नव्हता असे नाही; तिथे सल्लागार, कारागीर आणि मालक हे एकाच शेडमध्ये, बरेचदा एकाच माणसात होते. अंतर जवळजवळ शून्य होते. हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, त्याच्या एका टोकाला उभे राहते. आणि पंप, मोटारी, इंजिने यांच्याकडे वळायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांनी मुलाला, शंतनुरावांना, मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत पाठवले. ते १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी, वंगणाची फिल्म, विजेचे क्षेत्र, धातूतला ताण, यांसाठी शास्त्र लागणार हे त्या शिक्षकाला पक्के ठाऊक होते. पण ते शास्त्रही त्यांनी घरातच आणले.

भूगावच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला याच्या नेमके उलट उदाहरण पाण्याखाली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडवून कोकणात सोडला तर मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळेल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली, जॉयनर या अभियंत्याने पाहणी केली, आणि १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह चालू झाले. पुढच्या टप्प्यात मुळशीचे खोरे आले. ही काही छोटी कंपनी नव्हती, पण सल्ल्याच्या अंतराचा धडा इथेच सर्वांत ठळक आहे. पावसाचे माप बरोबर होते, उतार बरोबर होता, बांध आजही उभा आहे. मोजले गेले नाही ते खोऱ्यातल्या मावळ्यांचे भातशेत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली. लढा हरला, खोऱ्यातली गावे बुडाली, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. तज्ज्ञ शास्त्रात चुकला नव्हता. परिणाम ज्यांच्या घरात शिरणार होता त्यांच्यापासून तो इतका लांब होता की त्यांचा प्रश्न त्याच्या कागदावर उतरलाच नाही. शास्त्र अचूक असले की पुरे, असे म्हणणाऱ्यांनी पौडच्या पुढे जाऊन ते पाणी पाहावे.

स्वातंत्र्यानंतर शास्त्र पुण्यात मोठ्या प्रमाणावर आले आणि भूगावपासून थोड्याच अंतरावर, पाषाणला स्थिरावले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. पहिले संचालक जेम्स मॅकबेन, मग फिंच, आणि १९५७ पासून के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक. रंगरसायनांत वेंकटरामन यांचे नाव जगात होते. त्यांच्यामागून आलेल्या बा. द. टिळकांनी आयात बंद करण्याच्या दिशेने प्रयोगशाळेला वळवले, एल. के. दोराईस्वामी यांनी रसायनाबरोबर रासायनिक अभियांत्रिकीला मानाचे स्थान दिले, कारण काचपात्रात पाव लिटरला जे जमते ते दहा हजार लिटरच्या टाकीत आपोआप जमत नाही हे त्यांना माहीत होते. माणसे अशी असूनही छोट्या कारखानदाराला या ज्ञानाचा लाभ मिळणे कठीण जात होते. याला व्यक्ती जबाबदार नव्हत्या, रचना जबाबदार होती. प्रयोगशाळेत तयार झालेली प्रक्रिया थेट कारखानदाराला दिली जात नसे. १९५३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ मध्ये असे, परवाना तिथून मिळे. शोध लावणारा पाषाणला, परवाना देणारा दिल्लीला, आणि बिघडणारी बॅच भोसरीच्या कारखान्यात. सरकारी शास्त्रज्ञ सल्ला देऊ शकत होता, पण भागीदार होऊ शकत नव्हता. त्याचे प्रमोशन शोधनिबंधांवर ठरे, कारखानदाराचे दिवाळे टाकीवर ठरे. दोघांना एकाच गोष्टीची चिंता वाटावी असे काही त्या रचनेत नव्हतेच.

हे अंतर कमी करायला अर्धशतक लागले. २००७ मध्ये प्रयोगशाळेच्याच आवारात व्हेंचर सेंटर निघाले, जिथे नवी कंपनी आणि जुनी उपकरणे एका छताखाली येऊ लागली. २००९ मध्ये केंद्र सरकारने शास्त्रज्ञांना आपल्या संशोधनावर उभ्या राहिलेल्या कंपनीत भागभांडवल घेण्याची मुभा दिली. माझ्या मते पुण्याच्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात या एका निर्णयाचे मोल अनेक इमारतींपेक्षा जास्त आहे. कंपनीत ज्याचा वाटा आहे त्याला बॅच बिघडल्याची बातमी कोणी कळवावी लागत नाही.

आता थोरांच्या नावाचा प्रश्न. सर्वांत प्रामाणिक आक्षेप हाच आहे: छोट्या कंपनीला कोणी ओळखत नाही, बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक दारात उभे करत नाही, अशा वेळी मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव हेच भांडवल. हे खोटे नाही. पैसा फंडालाही टिळकांच्या नावाने पैसे मिळाले. पण नावाने काय होते आणि काय होत नाही, याचा पुण्यातच घडलेला एक मोठा प्रसंग आहे. नरेंद्र करमरकर हे ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी रेषीय नियोजनाच्या गणितासाठी जी पद्धत शोधली तिला जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात. पुढे ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. महासंगणकाच्या रचनेसाठी भूमितीचा वेगळाच उपयोग करण्याची त्यांची कल्पना होती. २००६-०७ मध्ये ते टाटा समूहाच्या अध्यक्षांचे वैज्ञानिक सल्लागार होते आणि पुण्यात उभ्या राहिलेल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या नव्या छोट्या कंपनीचे संस्थापक संचालक. नेतृत्वाचा विश्वास, पैसा, जगन्मान्य शास्त्रज्ञ, सगळे एका ठिकाणी आले होते.

नोव्हेंबर २००७ मध्ये ‘एका’ हा महासंगणक जाहीर झाला. जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा, आशियात पहिला. चौदा हजारांहून अधिक प्रोसेसर कोअर, चार हजार चौरस फुटांची जागा, एचपी आणि इतर कंपन्यांचे बाजारात मिळणारे भाग, आणि उभारणीला अवघे सहा आठवडे. पुण्यात सोळा वर्षांपूर्वी सी-डॅक या सरकारी संस्थेने परम ८००० हा महासंगणक बनवला होता. त्या परंपरेत ही अभिमानाचीच गोष्ट होती. पण सहा महिन्यांत यादीतला क्रमांक आठवर गेला, जसा या क्षेत्रात सगळ्यांचाच घसरतो, आणि २०१२ मध्ये ही कंपनी टाटा समूहाच्याच टीसीएसमध्ये सामावली गेली. करमरकर त्याआधीच बाजूला झाले होते आणि आपल्या वेगळ्या रचनेवर काम करत राहिले. इथे दोष कोणाच्या बुद्धीचा नाही. करमरकर यंत्राच्या जवळ होते, अध्यक्षांच्याही जवळ होते. लांब होते ते गिऱ्हाईक. रोज उठून ज्याला इतकी गणना लागते आणि न मिळाल्यास ज्याचे काम अडते, असा माणूस त्या काळच्या भारतात फार थोड्या ठिकाणी होता. कंदिलाची काच तडकली की संध्याकाळी कोणीतरी अंधारात बसे आणि ते तळेगावला कळे. या यंत्राची काच तडकली असती तरी ओरडणारे मोजकेच होते. मोठ्या नावाने कंपनीचे दार उघडते हे मान्य; पण दारातून आत कोण येणार हे नाव ठरवू शकत नाही.

म्हणून पुन्हा भूगावच्या रस्त्यावर यावे लागते. प्राजच्या प्रकल्पांचा कच्चा माल मळी. ती दर कारखान्याची वेगळी, दर हंगामाची वेगळी. उसाच्या जातीवर, जमिनीतल्या क्षारांवर, किती दिवस टाकीत पडून राहिली यावर तिची वागणूक बदलते. एका ठिकाणी जोमाने आंबणारे यीस्ट दुसऱ्या ठिकाणी मान टाकते. यंत्र अभियंता असलेल्या संस्थापकाला टाकी, पंप, स्तंभ दिसतात. यीस्टचे मन दिसत नाही. अशा धंद्यात जीवशास्त्रज्ञाला वर्षातून दोनदा जेवायला बोलावून चालत नाही, त्याला पगारावर आणि हाकेच्या अंतरावर ठेवावे लागते. याची खरी परीक्षा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढताना झाली. पेंढ्यात सेल्युलोज असते पण ते लिग्निनच्या वेष्टनात बंद. आधी वाफ आणि आम्ल यांनी ते सैल करायचे, मग विकरांनी साखर करायची, मग आंबवायचे. शिवाय भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर आणि गठ्ठे बांधताना शेतातली मातीही येते. ती पाइप आणि पात्यांना घासून घासून खाते. प्रयोगशाळेतल्या धुतलेल्या नमुन्यात ही माती नसते. उरवड्यानंतर २०१७ मध्ये दौंडला प्रात्यक्षिक प्रकल्प, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प, वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉलच्या क्षमतेचा. नमुना, प्रात्यक्षिक, कारखाना, या तिन्ही पायऱ्या शास्त्र आणि यंत्रकाम एकत्र चढले.

शेवटचा आक्षेप मला स्वतःला बराच काळ अडचणीचा वाटत होता. सल्लागार इतका जवळ आला, पगारी झाला, भागीदार झाला, तर तो स्वतंत्र कुठे राहिला? मालकाला नको ते ऐकवायला बाहेरचा माणूस लागतो. ज्याचे घर कंपनीवर चालते तो ‘हे चुकते आहे’ असे स्पष्ट म्हणेल का? उत्तर असे सापडते की आपण दोन वेगळी कामे एका शब्दात कोंबली आहेत. चूक शोधून दुरुस्त करणे हे एक काम, आणि बनलेली वस्तू खरी आहे की नाही हे ठरवणे हे दुसरे. पहिल्याला जवळीक लागते, दुसऱ्याला दुरावा. आपल्याकडे सल्लागार मंडळावर हे दोन्ही बोजे टाकले जातात, आणि दोन्ही अर्धवट होतात: रोजच्या दुरुस्तीसाठी ते फार लांब, आणि निःपक्ष परीक्षेसाठी फार जवळचे.

२०२० च्या मार्चमध्ये पुण्याने ही दोन कामे वेगळी ठेवून काय होते ते दाखवले. मायलॅब डिस्कव्हरी सोल्युशन्स ही पुण्याची छोटी कंपनी. करोनाच्या आरटी-पीसीआर तपासणीचे पहिले भारतीय किट तिने बनवले. या कामाच्या प्रमुख होत्या विषाणुशास्त्रज्ञ मीनल दाखवे-भोसले. त्या वेळच्या बातम्यांनी त्यांच्या बाळंतपणाचीच अधिक चर्चा केली. माझ्या लेखी अधिक मोलाची गोष्ट अशी की त्या संशोधन विभागाच्या प्रमुख होत्या, बाहेरून नाव देणाऱ्या सल्लागार नव्हत्या. तीन-चार महिन्यांचे काम सहा आठवड्यांत झाले ते म्हणूनच. एखादा प्रयोग फसला की पुढचा ठरवायला कोणाच्या सोयीची तारीख घ्यावी लागत नव्हती. किट तयार झाल्यावर १८ मार्चला ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले. ही संस्थाही पुण्याचीच, पण कंपनीशी तिचे काही देणेघेणे नाही. तिने आपल्या नमुन्यांवर किट तपासले, एकाच नमुन्याचे उत्तर पुन्हा पुन्हा तेच येते का ते पाहिले. २३ मार्चला मंजुरी मिळाली. एका किटमध्ये शंभर नमुने तपासता येत होते, आणि खर्च परदेशी किटच्या सुमारे एक चतुर्थांश होता. उत्तर मिळायला सहा-सात तासांऐवजी अडीच तास. जी बाई किट बनवत होती ती टेबलापाशी होती, आणि जी संस्था ते पारखत होती ती दाराबाहेर.